भट्टीपासून नदी दिसते

कार्तिक वद्य पंचमी, शके १७८६

कापूससाहेब, म्हणजे बंगल्यावरचा कापूस घेणारा गोरा साहेब, रोज जेवल्यावर वहीत काहीतरी लिहितो, असं त्याचा खानसामा मदारबक्ष सांगत होता. त्याच्याकडं लिहिण्यासारखं काय असणार? सकाळी कापूस, दुपारी कापूस, संध्याकाळी कापसाचा भाव. माझ्याकडं तर अख्खी बाग आहे. म्हणून आजपासून मीही लिहिणार. बोलणं आमचं घरचं, पण लिहिणं पंतोजीनं छडीनं शिकवलंय, त्यामुळं कागदावर मी जरा शहाणा दिसतो. माझी बायको कौशल्या म्हणते, कागदावर तरी.

लिहायला कारणही तसंच घडलं. बा सकाळी बोरगावच्या वावरात वेचणीला निघाला. बैल जुंपून झाल्यावर, विडा मागावा तसा सहज म्हणाला, "सारं वऱ्हाड पऱ्हाटी लावून राहिलं, अन् आपण पोपटं पोसून राहिलो. अखाजीले लाकूडतोडे लावतो. बाग काढू."

मी गाडीला आडवा झालो. आमची बाग अकोल्याच्या जुन्या शहराला लागून, मोर्णेच्या काठी. पेरू, बोरी, सीताफळं, डाळिंबं, दोन कवठं, अन् नदीच्या अंगाला आंब्यांची रांग. आंबे बानं स्वतः लावले, कावडीनं पाणी घालून जगवले. मी त्या सावलीत रांगलो. माळ्याच्या पोराला दुसरं येतं काय? बाला म्हटलं, बाग आपलं आपलं भागवेल. बोकड दूध देतो म्हटल्यावर पाहावं तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "अखाजीपर्यंत भागवलं तर हात लावत नाई. नाई भागलं, तर मंग तू मधात येऊ नको."

गाडी गेली. वेचणी अन् विक्री उरकेपर्यंत बा आता तिकडंच राहणार, अन् अखाजी म्हणजे वैशाखातली अक्षय तृतीया, हाती सहा महिनेही नाहीत. मी दिवसभर पेरूखाली पडून होतो. काही सुचलं नाही, पण पडून राहायला बरं वाटलं.

कार्तिक वद्य दशमी

सुचलं! किंवा चालत आलं म्हणू.

पेरू घेऊन साहेबाच्या बंगल्यावर गेलो तर मदारबक्ष डोक्याला हात लावून बसलेला. साहेबाच्या मडमला तिच्या मुलखातली 'पाय' पाहिजे. अन्नाला पाय म्हणणं माझ्या जिभेवर येत नाही, मी त्याला झाकणपोळी म्हणणार. लोण्यात मळलेल्या कणकेची वाटी करायची, तिच्यात फळ शिजवून घालायचं, वर कणकेचंच झाकण लावायचं अन् सगळं भाजायचं. गोडाची करतात, तिखटामिठाचीही करतात. तिखटामिठाच्या पोळीत फळासोबत चीज घालतात. चीज म्हणजे दुधाचा घट्ट केलेला गोळा. मुंबईहून आलेल्या चीजमध्ये अळ्या निघाल्या होत्या. शिवाय शेगडीवर वरून आच लागत नाही, झाकण कच्चं राहतं, अन् मडम ताट परत पाठवते.

मला हसूच आलं. खालून आच, वरून आच! आमच्याकडं रोडगे काय आभाळातून भाजून पडतात? खाली गोवऱ्यांचा निखारा, वर गोवऱ्यांचा निखारा, मधे कणीक. नवसाचा स्वयंपाक झाडाखाली मांडतो तेव्हा अख्खं गाव तसंच भाजतं.

परत येताना पाय जमिनीला लागत नव्हते. बागेतलं एकेक फळ कणकेचं पांघरूण घेऊन बंगल्याकडं निघालंय, तिथून अमरावतीच्या बाजारात, साऱ्या कापूसवाल्यांच्या दारी, असं दिसत राहिलं. मोर्णा ओलांडताना जोडा वाहून गेला. कौशल्यानं विचारलं, एकच जोडा कसा? मी म्हटलं, बाग वाचली.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

कौशल्यानं कणीक लोण्यात अशी मळली की बोट लावलं तर भुरभुरेल. पेरूत गूळ, वेलदोडा अन् तिच्या मनानं चिमूटभर मीठ घातलं. पानग्याला लावतो तशी पळसाची पानं खालीवर लावली. निखारा बाजूला केला, राख फुंकली, अन् तिनं झाकणावर नखानं टकटक करून ऐकलं. मी काय ऐकलंस म्हणून विचारलं तर म्हणे, कोणी आत हाये का पाह्यत होती.

एक फोडून आम्ही दोघांनी खाल्ली. नदीवरून धुकं आलं होतं, झाडांचे बुंधे दिसत नव्हते, नुसते शेंडे तरंगत होते. कौशल्या हातातला तुकडा तसाच धरून त्या शेंड्यांकडं पाहत राहिली. मी नेहमी स्वप्नात असतो असं कौशल्या म्हणते. आज तीही होती, मी पाहिलं.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

मडमनं बोलावून घेतलं. खाता खाता तिचे डोळे भरले. मोडक्या हिंदुस्तानीत सांगत होती की तिच्या बापाचीही बाग आहे, तिथं फुलं गळतात तेव्हा सारी जमीन पांढरी होते अन् चालताना आवाज येत नाही. घरी येऊन मी बागेत अनवाणी फिरलो, डोळे मिटून, पांढऱ्या जमिनीवर. बोरीचा काटा रुतला तेव्हा उघडले.

रोज पोळ्या पाठवायच्या असं ठरलं.

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

घात झाला.

साहेब फिरत फिरत स्वतः बागेत आला. मोठ्या खुशीत होता. झाडांवरून हात फिरवला, धुराचा वास घेतला, याच वासाची पोळी फार आवडते म्हणाला. कौशल्या गोवऱ्या रचत होती. हे काय, असं त्यानं विचारलं. मदारबक्षनं पुष्कळ इकडचंतिकडचं केलं, पण शेवटी सांगावंच लागलं. साहेब बोरीला धरून ओकला.

गाईच्या शेणानं आम्ही देवापुढं सारवतो, अन् याला त्याचा धूर पचेना! पण ज्याचं खायचं त्याचं ऐकायचं. हुकूम असा की विटांची भट्टी बांधायची अन् फक्त लाकूड जाळायचं. नाहीतर उद्यापासून येऊ नका.

मार्गशीर्ष वद्य द्वादशी

भट्टी झाली. मदारबक्षनं काडीनं जमिनीवर आकार काढून दिला, मी नदीची माती तुडवली. ठेंगणी, पोटफुगी, एका तोंडाची. बागेच्या मधोमध बसवली. चौफेर हिंडून पाहिली, कुठूनही चांगली दिसते.

लाकूड मात्र मिळेना. रानातून येणाऱ्या गाड्या सगळ्या कापूस वाहतात, लाकडाला कोण विचारतो? एक गाडीवान तर म्हणाला की त्याला चूल पेटवायला घरचा पाट फोडावा लागला. म्हटलं जाऊ दे. बागेत वाळक्या फांद्यांचा खच पडलाय. बागेचं लाकूड बागेच्याच कामी आलं, याहून बेस काय?

पौष शुद्ध सप्तमी

ही भट्टी भलती खादाड आहे. विटा तापेपर्यंतच भारा संपतो, पोळ्या अजून बाहेरच. वाळक्या फांद्या संपल्या.

नदीकडच्या कोपऱ्यातली दोन सीताफळं वांझ आहेत, नुसती जागा अडवून उभी. आमच्याकडं झाड तोडायच्या आदल्या संध्याकाळी त्याला हळदकुंकू लावतात, नारळ ठेवतात, अन् सांगतात, बाबा रे, उद्या येतो, तुझ्या अंगावरची पाखरं दुसरीकडं पाठव. मी अगदी रीतसर सांगितलं. पण बाग वाचवायची तर दोन वांझ झाडं काय मोठी? कौशल्यानं नारळ ठेवला अन् बुंध्याला हात लावून उभी राहिली. तिलाही वाईट वाटलं असणार.

पौष वद्य एकादशी

अचलपूरहून परत आलो, अंग आंबलंय.

चीजसाठी गेलो होतो. कौशल्या दूध फाडू देत नाही. म्हणते, नासलं तर नाइलाज, पण मुद्दाम फाडलं तर घर फाटते. अचलपुरात एका अत्ताराकडं पनीरडोडे म्हणून सुकी फळं मिळतात. कपड्यात बांधून कोमट दुधात सोडली की दूध फाटत नाही, दह्यासारखं जमतं. अत्तारानं शपथेवर सांगितलं.

येताना मुद्दाम वाकडी वाट करून अमरावती पाहिली. काय ते शहर झालंय बाप्पा! कापसाचे ढीग घरांहून उंच. हवेत रुई उडते, लोकांच्या मिशांवर बसते, लिंबांच्या झाडांवर बसते, सारं गाव झोपेत पांघरूण घेऊन हिंडतंय असं वाटतं. एका गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवलेल्या पाहिल्या. मी कापसाच्या ढिगाशी बसून माझ्या दुकानाची जागा ठरवली. पिंपळाच्या बाजूची, सावलीची.

घरी आल्यावर कवठाखाली दूध जमवलं. कौशल्या लांब उभी राहून पाहत होती. जमलं! कापलं, पाणी काढलं, मीठ लावून दगडाखाली दाबलं. मग ते चीज, डाळिंबाचे दाणे, कांद्याची पात अन् हिरवी मिरची घालून पोळी केली. मदारबक्ष उभ्या उभ्या अर्धी खाऊन गेला, अन् डोळे पुसत म्हणाला की मिरची कमी कर.

माघ शुद्ध षष्ठी

बंगल्यावर मुंबईचे पाहुणे आले आहेत. दिवसातून दोनदा भट्टी लावतो.

आज एक गंमत झाली. पोळ्या आत सारून पाठ वळवली अन् समोर नदी! भट्टीपासून नदी दिसते. पाण्यावर सकाळचं ऊन हलत होतं, अन् एक बगळा पलीकडच्या काठाला उभा होता. इतकी वर्षं आम्ही नदीच्या काठी राहिलो अन् नदी कधी अशी पाहिली नव्हती. कौशल्याला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, हो, दिसून राहिली.

थंडीत पाठीवर ऊन येतं तेही बरं वाटतं. जुनी माणसं झाडं फारच दाट लावत.

माघ वद्य त्रयोदशी

शिवरात्रीला कवठ पाहिजेच, म्हणून सगळी कवठं उतरवली अन् गूळ घालून पोळ्या केल्या. मडमला त्या सगळ्यांत आवडल्या. आता पुढच्या शिवरात्रीपर्यंत कवठाला काय काम? अन् ते लाकूड असं जळतं की भट्टी गात राहते. दोनांतलं एक झाड अजून ठेवलंय.

बोरींचं लाकूडही उत्तम. काटे तेवढे वैताग. नारळ आता ठेवत नाही, रोज रोज कुठून आणायचा? कुंकवाचं कौशल्या पाहते. मी सांगतो कोणतं झाड, ती संध्याकाळी जाऊन येते. फार वेळ लावते. भाकरी थंड होते.

फाल्गुन पौर्णिमा

शिमगा. दरवर्षी गावची पोरं होळीसाठी आमच्या बागेतून लाकूड पळवतात, बा काठी घेऊन मागं लागतो, अन् दुसऱ्या दिवशी तोच त्यांना गूळ देतो. यंदा मी काठी घेऊन कुंपणाशी बसलो. पोरं आली, कुंपणावरून डोकावली, आपसात काही बोलली अन् मुकाट निघून गेली. एक फांदी नेली नाही.

आमच्या घराचा मान वाढला म्हणायचा. कौशल्याला सांगितलं. ती पदरानं डोळे पुसू लागली. ओल्या लाकडाच्या धुरानं तिचे डोळे हल्ली सारखे येतात.

चैत्र शुद्ध पंचमी, शके १७८७

नवं वरीस चांगलं लागलं. पोपट गेले! बाला कळलं तर नाचेल. सकाळी उठलो तर इतकं शांत की भट्टीतल्या विटा तडकताना ऐकू येतात.

कैऱ्या अन् पेरू मी बाळापूरच्या बागवानाकडून घेऊ लागलो आहे. आमच्या फळांना हल्ली बरकत नाही. त्याचे पेरू मोठे, त्याची बागही बरी राखलेली आहे. तासभर तिथंच पडून आलो. किती गार होतं.

दुपारी वारा सुटला अन् भट्टीची राख सगळीकडं उडाली. मी डोळे मिटत होतो तेवढ्यात पाहिलं, जमीन दूरपर्यंत पांढरी. मडमच्या बापाच्या बागेसारखी. चालून पाहिलं. खरंच आवाज येत नाही.

चैत्र वद्य नवमी

वैताग. कुऱ्हाड सापडत नाही. या घरात ठेवलेली वस्तू जागेवर राहील तर शपथ. कौशल्या म्हणते, मले काय माईत. शेवटी शेजाऱ्याची आणली.

आंब्यांच्या रांगेतला कडेचा आंबा आंबट निघतो. त्याच्या शेजारचा एकाआड एक वर्षी लागतो. तिसऱ्याला बांडगूळ. कौशल्या तिसऱ्याला पाठ लावून उभी राहिली. हलेना. म्हणाली, "तुमी बाग वाचवून राहिले का जाळून राहिले?"

मी तिला समजावून सांगितलं की अखाजी तोंडावर आलीय, साहेबाकडं मोठी मेजवानी आहे, आत्ता भट्टी थंडावली तर सगळं गेलं, बा लाकूडतोडे घेऊन येईल. दम धर, म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. मग बाजूला झाली, रांगेतल्या एकेका आंब्याच्या बुडाशी कुंकू लावलं, अन् माहेरी जाते म्हणाली. उन्हाळ्यात सगळ्यांचंच डोकं तापतं. दोन दिवसांनी येईल.

चैत्र अमावस्या

कौशल्या आली नाही. कणीक मी मळली. झाकणं फाटली. मदारबक्ष पोळ्या घेऊन गेला, पण ताट परत आलं.

वैशाख शुद्ध द्वितीया

जिंकलो! घाईघाईनं लिहितोय, अक्षर पंतोजीनं पाहिलं तर छडी खाईन.

दिवेलागणीला बा आला. सोबत लाकूडतोडे नाहीत, एकटा. कार्तिकात गेला तेव्हा ताठ होता, आता खांदे खाली आलेले. सुनेची विचारपूस केली, माहेरी गेली म्हटल्यावर मान हलवली. मी कवठाच्या गुळंब्याची शेवटची पोळी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं झाकण उचलून आत पाहिलं, वास घेतला, अन् कडेपासून सावकाश सगळी खाल्ली.

मग बोलला. ज्या सातासमुद्रापलीकडच्या लढाईनं कापूस महागला होता ती सरत आली म्हणतात, कापसाचा भाव कोसळलाय. अमरावतीला गठाणी पडून आहेत, ज्या दलालांनी गाड्या अडवून माल घेतला ते आता तोंड चुकवतात. पण तिथंच एका दलालाच्या ओटीवर त्यानं माझ्या पोळ्यांचं नाव ऐकलं. जानराव माळ्याचा पोरगा बागेवर जगून राहिला, असं लोक बोलत होते.

"भगवंता," बा म्हणाला, "म्या उगाच तोंड वाजवलं. तुहं खरं निघालं. बाग राहू दे. माह्या हातानं लावलेली, माह्याच तोंडून काढ म्हटलं, मले तई झोप नाई आली गड्या. सकाळी बागेत जाऊ. आंब्याखाली बसाचं हाये मले."

मी त्याचे पाय धरले. बापानं माझं खरं म्हटलं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. कौशल्या इथं असायला पाहिजे होती. उद्याच तिला आणायला जातो. भिंतीला टेकून बसलोय अन् डोळ्यांपुढं सगळी बाग बहरलेली दिसतेय, एकूण एक झाड, कार्तिकात होती तशी.

अखाजी

सकाळी बाला घेऊन बागेत गेलो. मी पुढं, तो मागं. भट्टी दाखवली. दूध जमवायची जागा दाखवली. भट्टीपासून नदी कशी दिसते तेही दाखवलं. तो मागंच थांबला, म्हणून वळून पाहिलं. बा कपाळावर हात धरून उभा होता, उन्हातून दूरचं पाहतात तसा.

"भगवंता, बाग कुठं हाये?"

मला वाटलं, डोळे गेले म्हाताऱ्याचे. मी म्हटलं, "हे काय, बा. आपण बागेतच उभे हाओ."

तो तिथून आंब्यांच्या जागेकडं चालत गेला. सरळ गेला, कुठं वळावं लागलं नाही, कुठं वाकावं लागलं नाही. तेव्हा मला दिसलं. तो एका बुंध्याच्या खुंटाशी थांबला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. प्रत्येक खुंटाला कुंकू होतं. बानं वाकून एका खुंटावर हात ठेवला अन् विचारलं, "हा तर गोड होता ना रे?"

होता. गोड होता. कोणता आंबट, कोणता वांझ, कोणता आड वर्षी लागणारा, हे सगळं मीच बोललो होतो. लाकूडतोडे आले असते तर त्यांनी एका दिवसात केलं असतं. मी रोज थोडं थोडं केलं, प्रेमानं. मी मोठ्यानं रडलो. बा रडला नाही. शिव्याही दिल्या नाहीत. मी म्हटलं, मारा मला. तो म्हणाला, "थकलो रे," अन् त्या खुंटावर बसला.

बंगल्यावरून मदारबक्षचा माणूस आला, संध्याकाळच्या मेजवानीच्या पोळ्यांचं विचारायला. मी त्याला हातानंच जा म्हटलं.

ऊन वर आलं. बाच्या टाळूवर घाम आला, तो पुसतही नव्हता. घरी चला म्हटलं तर मान हलवली. त्याला आंब्याखाली बसायचं होतं. मी त्याच्या अन् उन्हाच्या मधे जाऊन उभा राहिलो. माझी सावली त्याच्या डोक्यापुरती पडत होती. ऊन सरकलं तसा मी सरकलो. तो उठेपर्यंत तिथून हललो नाही.